दोघींच्या कार्डावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मुठीचा, रबरी तळव्याचा, एका कॉफीच्या दुकानातला. सध्या मी त्याच दुकानाच्या खणात पडून असतो. सोबतीला थोडे रबरबँड, एक मोजपट्टी आणि दोन किल्ल्या आहेत. त्या किल्ल्यांची कुलपे कुणालाच सापडत नाहीत, पण त्या अजून आशा धरून आहेत. खणाची फट जराशी उघडी राहते. तिच्यातून दुधाची वाफ आत येते, भाजलेल्या बियांचा वास येतो आणि मला गुंगी येते. सांगता सांगता माझा डोळा लागला, तर रागावू नका. हळूच टकटक करा, मी पुढे सांगेन.

माझा जन्म शिक्के बनवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर झाला. आमच्या कॉफीच्या कंपनीची गावोगाव दुकाने. प्रत्येक दुकानाला एक शिक्का हवा आणि त्यावर कॉफीचे बी हवे, अशी कंपनीची मागणी होती. कारागीर बिचारा जन्मभर शाळांचे आणि बँकांचे शिक्के करत आलेला. 'मिळाले' आणि 'रद्द' यांपलीकडे त्याने फारसे काही कोरले नव्हते. त्याने मन लावून बी कोरले, पण मधली रेघ जरा वाकली. मी बी कमी आणि मिटलेला डोळा जास्त दिसू लागलो. त्याच्या बायकोने मला कागदावर उठवून पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा तर झोपलाय!"

"असू दे," तो म्हणाला, "कॉफीच्या दुकानात चाललाय. उठवतील ते."

पण तिथे गेल्यावरही मी झोपाळूच राहिलो. जांभळ्या शाईच्या गादीवर पडून असायचे, कुणी उचलले की कार्डावर टेकायचे, पुन्हा गादीवर. त्या दोन टेकण्यांच्या मध्ये मला स्वप्ने पडत. एकदा स्वप्नात मी खिडकीच्या काचेवर उमटलो, मग समोरच्या भिंतीवर, मग रस्त्यावरून जाणाऱ्या छत्र्यांवर. सगळा रस्ता जांभळ्या बियांनी भरून गेला आणि लोक एकमेकांच्या पाठीवरचे ठसे पाहून हसत होते. जागा झालो, तर गादीवरच होतो.

माझे काम सोपे होते. एक कप कॉफी घेतली, की छोट्या कार्डावरच्या एका घरात माझा ठसा. दहा घरे भरली, की पुढचा कप फुकट. पण मित्रांनो, त्या एका फुकटच्या कपासाठी मोठी माणसे कशी लहान होतात, ते मी जवळून पाहिले आहे. गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर होते. माझा ठसा जरा पुसट उठला, की ते पुन्हा मारायला लावत. दाताचे एक डॉक्टर तर चार कार्डे बाळगत. चारही अर्धवट, एकही पुरे नाही. आणि एकदा एका चिमुरडीने मला आपल्या तळहातावर उमटवून घेतले आणि आठवडाभर तो हात धुऊ दिला नाही. तिची आई तक्रार करायला आली होती. मला मात्र ते आजवरचे सर्वांत मोठे बक्षीस वाटते.

दुकान आमच्या मॅनेजरबाई चालवत. देह भरदार, आवाज मऊ, आणि येणारा प्रत्येक जण त्यांचा कुणीतरी: काका, मावशी, दादा. लोक कार्डे घरी विसरत, धुण्यात घालत, पुस्तकात खूण म्हणून ठेवत. म्हणून बाईंनी कंपनीला न विचारता काउंटरवर बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आपले कार्ड त्यातच ठेवून जायचे. त्यावर त्या टोपणनाव लिहीत. डॉक्टरांच्या कार्डावर 'दात', मास्तरांच्या कार्डावर 'ब्रेक'. आणि एका कार्डावर लिहिले होते 'दोघी'.

ते दोन बहिणींचे कार्ड होते. थोरली बेकरीत केकवर नावे लिहायची. धाकटी मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसायची आणि बाहेरून येणारे फोन आत जोडून द्यायची. दोघी एकाच घरात राहत, एकत्र येत, खिडकीपाशी बसत. एकीने वाक्य सुरू करावे आणि दुसरीने ते संपवावे, अशी त्यांची तऱ्हा. मी एका कार्डावर शेजारी शेजारी दोन ठसे उमटवायचो.

मग त्यांची आई वारली. त्यानंतर त्या एकत्र आल्याच नाहीत.

का, ते कुणाला ठाऊक नव्हते. दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. धाकटीने वेगळी खोली घेतली. थोरली पहाटेपासूनचे केक उरकून सकाळी यायची, बाहीला साखर लागलेली. धाकटी दुपार कलल्यावर, कामावर जाताना यायची. घर वेगळे झाले, वेळा वेगळ्या झाल्या, पण कार्ड वेगळे झाले नाही. "नवीन कार्ड देऊ का?" असे मॅनेजरबाईंनी थोरलीला विचारून पाहिले. ती म्हणाली, "आहे की डब्यात." दुपारी धाकटीला विचारले. तीही तेच म्हणाली.

दोघी पहिल्यांदा वेगवेगळ्या आल्या, ती दुपार मला नीट आठवते. धाकटीने कार्ड हातात घेतले, तर त्यावर एक ठसा तिने न प्यायलेल्या कपाचा. तिने त्यावर हलकेच बोट फिरवले. आमची शाई हट्टी, लवकर वाळत नाही. तिच्या बोटाला जांभळा रंग लागला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणजे ताई आज आली होती. म्हणजे ताई बरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनेही तसेच केले. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी जे काही बोलल्या, ते माझ्याच तोंडून. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एकदा थोरली आठवडाभर आलीच नाही. धाकटी रोज कार्ड पाहायची, पुन्हा डब्यात ठेवायची आणि कॉफी न घेताच निघून जायची. एके दिवशी तर ती झोप अर्धवट टाकून सकाळीच येऊन बसली, दाराकडे पाहत. शेवटी मॅनेजरबाई स्वतः बेकरीत जाऊन आल्या आणि दुपारी धाकटीसमोर कपबशा पुसता पुसता स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बेकरीतल्या बाईंना ताप होता म्हणे. आता उतरलाय. सोमवारी येतील." धाकटीने मान खाली घातली आणि दोन कप कॉफी प्यायली.

फुकटच्या कपाचीही एक गंमत होती. दहा घरे भरली, की थोरली म्हणायची, "राहू दे, आज पैसे घ्या. तो फुकटचा तिच्यासाठी ठेवा." दुपारी धाकटी म्हणायची, "तिच्यासाठी असू दे." भरलेली कार्डे डब्याच्या तळाशी साठत गेली. दोघींचे कप एकमेकींची वाट पाहत राहिले.

अशी काही वर्षे गेली. मग एके सकाळी कंपनीच्या माणसाने दुकानाच्या काचेवर एक मोठा कागद चिकटवला. जुनी कार्डे महिनाअखेर बंद. आता सगळे फोनवर. कप घेतला की तारे मिळतील, तारे जमले की बक्षीस. तारे वेळेत वापरले नाहीत, तर विझतील. एका कार्डाचे एकच खाते, तेही एकाच फोन नंबरावर.

कागद वाचून दुकानात जो गोंधळ माजला, त्याने माझी झोपच उडाली. मास्तर काउंटरवर हात आपटून म्हणाले, "ठसे जाऊन तारे? अहो, दिवसाढवळ्या तारे दाखवायला लागलात की तुम्ही!" कुणी म्हणाले, हा आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे. कुणी म्हणाले, नव्याचे नऊ दिवस, मग परत कार्डे येतील बघा. एका आजोबांनी आपला साधा फोन खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवला. काही तरुणांना मात्र आनंद झाला, ते त्या फुटकळ कार्डांना कंटाळले होते. दाताच्या डॉक्टरांनी चारही कार्डे महिनाअखेरपर्यंत भरायचा चंग बांधला. चौथ्या दिवशी ते कप खाली ठेवत म्हणाले, "बस्स झालं. हात थरथरायला लागलेत. वरचा दात काढायचा, तर खालचा निघायचा!"

सगळ्यांचे काही ना काही जाणार होते: कुणाचा कप, कुणाची सवय. पण त्या दोघींचे काय जाणार, ते फक्त मॅनेजरबाईंना आणि मला कळत होते. कार्ड गेले, की थोरलीला धाकटीची आणि धाकटीला थोरलीची काहीच खबर राहणार नव्हती. मी गादीवर पडून विचार करायचो, विचार करता करता पेंगायचो. आणि स्वप्नात मला आकाशभर तारे दिसायचे, एकेक विझणारे. त्यांतला एकही जांभळा नसायचा.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळी थोरली आली. मॅनेजरबाई तिला म्हणाल्या, "मावशी, आज कार्ड संपलं. कुणाच्या नंबरावर खातं उघडू? एका कार्डाला एकच मिळतं."

थोरलीने बराच वेळ बाहीवरची साखर झटकली. मग म्हणाली, "तिच्या नावावर करा. माझं काय, मी काय आज आहे नि उद्या नाही." आणि तिने धाकटीचा नंबर तोंडपाठ सांगितला. बाईंनी तो यंत्रात भरला. यंत्र म्हणाले, त्या फोनवर ओटीपी पाठवला आहे, तो सांगा.

"तिला फोन करून विचारा ना," बाई म्हणाल्या.

"झोपली असेल. रात्री उशिरा सुटते." थोरलीने पिशवी उचलली. "राहू दे. झोपू दे तिला."

ती गेली. काउंटरवरचे तिचे कार्ड मॅनेजरबाईंनी डब्यात परत ठेवले, पण झाकण लावले नाही.

दुपारी धाकटी आली, तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. उरलेली कार्डे संपवायला सगळे आले होते. धाकटीला बाईंनी तोच प्रश्न विचारला. धाकटी म्हणाली, "ताईच्या नावावर करा. माझ्या नावावर केलं, तर ती इथं यायचीच नाही." आणि तिनेही थोरलीचा नंबर न अडखळता सांगितला.

मॅनेजरबाईंनी तो भरला. "ओटीपी गेला त्यांच्याकडे. विचारा आता."

धाकटी दचकली. "मी? नको. तुम्हीच करा ना. सकाळी मलाही असा एक आकडा आला होता. मी पुसून टाकला. हल्ली फसवतात ना लोकांना."

"तो तुमच्या ताईंनी मागवला होता," बाई म्हणाल्या. त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. "त्या म्हणाल्या, तुमच्या नावावर करा. आता तुम्ही म्हणताय, त्यांच्या. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं, मावशी? हा डबा उद्या मी उचलणार. मग काय बघाल?"

धाकटीचा चेहरा उतरला. तिने फोन काढला आणि नंबर दाबला. दूध फेसाळण्याच्या यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तिने स्पीकर लावून फोन काउंटरवर ठेवला, नेमका माझ्या शेजारी. घंटा वाजत राहिली. "झोपली असेल," धाकटी पुटपुटली. "ती दुपारी झोपते. ठेवते मी."

"हॅलो?" थोरलीचा आवाज आला, झोपेने जड झालेला.

धाकटी कामावर रोज शेकडो फोन घ्यायची. तिच्या तोंडून सवयीचेच शब्द बाहेर पडले. "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?"

थोरली म्हणाली, "फोन तू केलायस. मला काय विचारतेस?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. धाकटीही हसली, पण तिच्या डोळ्यांना पाणी आले होते. "ताई, तुझ्या फोनवर आकडा आलाय बघ. तो सांग."

"थांब, चष्मा कुठाय... हं. आलाय. पण यात लिहिलंय, कुणालाही सांगू नका."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मी कुणीही आहे का गं?"

मित्रांनो, मी हजारो माणसे पाहिली, पण माझ्यासमोर एवढी मोठी रांग एवढी गप्प झालेली कधी पाहिली नव्हती. मॅनेजरबाईंनी दुधाचे यंत्र बंद केले. मागून कुणीतरी "चला की पुढे" म्हणाले, तर मास्तर गर्रकन वळून म्हणाले, "ब्रेक! कुणी हलायचं नाही."

"नाहीस," थोरली म्हणाली. "तू कुणीही नाहीस." आणि ती आकडे सांगू लागली. चार, मग शून्य, मग तिचा आवाज चिरकला आणि पुढचा आकडा कुणालाच कळला नाही. काउंटरवरच्या पडद्यावर आले, वेळ संपली. बाईंनी न विचारता दुसरा ओटीपी पाठवला.

"आता दुसरा आलाय," थोरली म्हणाली. "कुठला सांगू?"

"कुठलाही सांग. सांगत राहा." धाकटीने डोळे पुसले. "झोपली होतीस ना? झोपमोड केली मी तुझी."

"बरं केलंस." थोरली थांबली. "मीही तुला उठवायला हवं होतं. त्या पहाटे. तू रात्री उशिरा कामावरून आली होतीस, शेजारच्या खोलीत गाढ झोपली होतीस. आईचा श्वास बदलला, मला कळलं. मला वाटलं, झोपू दे हिला, अजून वेळ आहे. वेळ नव्हता गं. मी तुला उठवलं नाही."

म्हणजे हे होते. आई शेजारच्या खोलीत वारली आणि धाकटी झोपून राहिली. एवढी वर्षे एकीला राग होता आणि दुसरीला लाज होती, आणि दोन्हींवर माझे जांभळे ठसे पडत होते.

 दुसऱ्या ओटीपीचीही वेळ संपली. मग धाकटी म्हणाली, "मी तुला फार बोलले त्या दिवशी."

"बोललीस. बरोबरच बोललीस."

"तू ये ना इथं," धाकटी म्हणाली. "आत्ता ये."

थोरलीचे घर मागच्याच गल्लीत होते. ती आली, तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात भलतीच. केस विस्कटलेले. दोघी काउंटरपाशी समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरलीने हात पुढे करून धाकटीच्या गालावरचे पाणी बाहीने पुसले. सकाळच्या केकची साखर गालाला लागली.

मॅनेजरबाईंनी डब्याच्या तळाची भरलेली कार्डे बाहेर काढली. सगळे फुकटचे कप, आजचाच दिवस चालणारे. "घ्या, कुणाचे हे?"

"तिचे," दोघी एकदम म्हणाल्या.

"अगं, तू घे."

"नाही हं, तू घे. तुझ्यासाठी ठेवलेत."

"तुम्ही दोघी भांडत बसा," मास्तर म्हणाले, "तोवर आम्ही पितो!" आणि बाईंनी खरेच तसे केले. सगळ्या रांगेला दोघींच्या कार्डांवर कॉफी मिळाली, त्या साध्या फोनवाल्या आजोबांनाही. दोघींनी मात्र एकच कप घेतला आणि खिडकीपाशी बसल्या. थोड्याच वेळात थोरलीचा आवाज ऐकू आला, "अजून एवढी साखर घालतेस?" आणि धाकटीचा, "केकवर रोज ओततेस, ते दिसत नाही?" मी सुखाने डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी मला खणात ठेवले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मी तिथे अंधारात पडलो आणि मला एक गोष्ट कळली. एवढी वर्षे मी मिरवत होतो, की दोघी माझ्या तोंडून बोलतात. पण मी होतो म्हणूनच त्यांना आपले तोंड उघडावे लागले नाही. ठसा दिसला, की पुरे. ताई बरी आहे. धाकटी बरी आहे. तेवढ्यावर त्यांनी वर्षे काढली. आणि ज्या फोनचा मला राग आला होता, त्याने एका दुपारी त्यांना एकमेकींच्या समोर आणले.

त्या सकाळी खणाच्या फटीतून मी थोरलीला पाहिले. खाते उघडायचे राहिलेच होते. ती हट्टाने धाकटीच्याच नंबरावर करायला आली होती. ओटीपी गेला. धाकटी झोपलेली असणार, हे तिलाही ठाऊक होते. तिने फोन लावला. घंटा पुष्कळ वाजली, तरी तिने ठेवला नाही. शेवटी पलीकडून चिडका, झोपाळू आवाज आला, आणि थोरली हसत म्हणाली, "ऊठ गं. आकडा सांग. आणि ऐक, कशी आहेस?"

मित्रांनो, माझी शाई वाळली आहे. मला पुसून नीट ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमचेही कुणीतरी असेल, ज्याची ख्यालीखुशाली तुम्ही दुरूनच पाहत असाल, घरातल्या उजेडावरून, दारातल्या चपलांवरून, नाहीतर माझ्यासारख्या एखाद्या ठशावरून. बरे आहे, एवढे कळते आणि तेवढ्यावर आपण थांबतो. तेवढ्यावर थांबू नका. त्याला हाक मारा. आणि तो झोपला असेल, तर उठवा.